काट्यावरून दोन्ही हात उचलणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. आईचे डोळे भरून आले होते आणि तिला बाहेर नेऊन कुठेतरी बसवायची मला घाई झाली होती. नीट आभारही मानले नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. याचं डच भाषांतर करून मी स्वतः औदेवाटरला तुमच्या तोलघरात आणून देईन, जिथे एके काळी चेटकीण असल्याचा आळ आलेल्यांना तोलायचे आणि आता पाहुण्यांना तोलतात. पण आधी मराठीत लिहिते, कारण हे पहिल्यांदा आईला वाचून दाखवायचं आहे.

तुम्हाला आम्ही आठवत असू का? सप्टेंबरातला शनिवार होता. नऊवारी नेसलेली, वर माझा निळा स्वेटर घातलेली, काडीसारखी बारीक म्हातारी आणि तिचा हात धरलेली मी. आई तीन महिन्यांसाठी नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला माझ्याकडे आली होती. ती नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याकडची. माझे वडील तिथल्या मार्केट यार्डात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, वजन मोठ्याने सांगायचं, पावतीवर मांडायचं. एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. तुमचंही काम तेच आहे हे तिथे येईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

खरं तर आईला आणावं की नाही याचीच मला धास्ती होती. मागच्या वेळी ती आली तेव्हा आम्ही युरोपातल्या दुसऱ्या एका शहरात असंच ‘चेटकिणींचं प्रदर्शन’ बघायला गेलो होतो. आत मेणाचे पुतळे, लाल दिवे आणि कुठून तरी येणाऱ्या किंकाळ्या. दाखवणाऱ्या माणसाने सगळ्यांदेखत आईच्या खांद्यावर काळा झगा टाकला, डोक्यावर टोकदार टोपी ठेवली आणि मला म्हणाला, काढा फोटो. लोक हसले. तो माणूस वाईट नसेलही, पण ज्यांना जाळलं त्या बाया कोण होत्या, कुणाच्या आया-बहिणी होत्या, याबद्दल तो अक्षर बोलला नाही. परतताना आई सबंध प्रवासात गप्प होती. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, “तुझ्या मावशीला असंच हसायचे.”

मावशीबद्दल तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळायचं नाही.

मावशी आईपेक्षा सहा वर्षांनी मोठी. सातपुड्याच्या पायथ्याशी एका खेड्यात दिली होती. तिशीच्या आत विधवा झाली, मूलबाळ नाही, नावावर दोन एकर जमीन. त्या जमिनीवर दिराचा डोळा होता. एका पावसाळ्यात शेजारचं पोर तापाने गेलं. भगताला बोलावलं. त्याने सुपात दाणे टाकून कौल लावला आणि सांगितलं, पोर डाकिणीने खाल्लं. कुठल्या घरातल्या, ते सांगायची गरजच पडली नाही. मावशीचे केस कापले, तिला मारलं आणि रात्रीत गावाबाहेर काढलं. वडील तिला घेऊन पोलिसांकडे गेले. तिथे उत्तर मिळालं, घरातलं भांडण आहे, घरातच मिटवा. गावच्या मोठ्या माणसांनी, ज्यांच्या पायावर मावशी पडली होती, त्यांनी मान वळवली. दोन एकर दिराच्या नावावर झाले.

मग ती आमच्याकडे राहिली, आमच्या दोन खोल्यांत, आठ वर्षं. माझ्या वेण्या तीच घालायची. पण अंगणात कुणाचं तान्हं मूल आलं की हातातलं काम टाकून आत जायची आणि मूल जाईपर्यंत बाहेर यायची नाही. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा तिने त्याला सव्वा वर्ष हातात घेतलं नाही. शेवटी तो स्वतःच चालत तिच्याकडे गेला. तिने तोंडावर पदर घेतला आणि दुसऱ्या हाताने त्याचा पाय नुसता धरून ठेवला. हे मी दारातून पाहिलं आहे.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं झगडा दिला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर कुठे तो कायदा आला. आज कुणावर असा आळ घेऊन छळ केला तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मावशी तोवर गेलेली होती.

म्हणून तुमच्या गावी येताना मी आईला गाडीत सगळं आधीच सांगत होते. इमारतीचं नाव ‘हेक्सनवाख’ असं उच्चारलं तेव्हा ती म्हणाली, “वाख? अंबाडीचा?” आमच्याकडे दोर वळायच्या तंतूला वाख म्हणतात. मी म्हटलं, अगं, वाख म्हणजे तोलघर, पण औदेवाटर हे गाव खरंच दोर वळणाऱ्यांचंच. ते ऐकून ती जरा सैल झाली. मग मी सांगितलं की चेटकीण फार हलकी असते, झाडूवरून उडू शकते, अशी इथल्या लोकांची समजूत होती. म्हणून संशय आला की बाईला काट्यावर चढवायचे आणि हलकी भरली की ती संपली. सम्राट पाचव्या चार्ल्सची दंतकथाही सांगितली. जवळच्या एका गावात एका बाईचं वजन होताना त्याला शंका आली, त्याने तिला औदेवाटरला आणून पुन्हा तोलायला लावलं, वजन रीतसर भरलं आणि मग १५४५ मध्ये त्याने या गावाच्या काट्याला मान दिला, असं म्हणतात. आई लगेच म्हणाली, “म्हणजे तिथल्याने काटा मारला होता.” मापाड्याच्या बायकोला यापेक्षा जास्त काही सांगावं लागत नाही.

पण दारात आल्यावर तिचा पाय अडला. आत तरुण मुलामुलींचा एक घोळका होता, त्यांनी टोकदार टोप्या आणल्या होत्या. एक जण काट्यावर उभा होता, बाकीचे हसत होते. आईने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, “मी एक्केचाळीस किलोची. मी तर हलकीच निघणार.”

तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. तुम्हाला आमचं काहीच ठाऊक नव्हतं आणि तुम्ही काही विचारलंही नाहीत. आधी तो घोळका वरच्या मजल्यावर जाईपर्यंत थांबलात. मग काट्याशेजारी कुणीतरी टेकवून ठेवलेला झाडू उचललात आणि दाराआड ठेवलात. आईसाठी एक बुटकं स्टूल आणलंत. ती फळी लोंबकळती, साखळ्यांवरची, पाय ठेवला की हलणारी. तुम्ही खाली वाकून एका हाताने फळी आणि दुसऱ्या हाताने साखळी धरलीत, आई चढेपर्यंत. ती स्थिर उभी राहिल्यावर तुम्ही दोन पावलं मागे सरकलात आणि दोन्ही हात खांद्याएवढे वर उचललेत, तळवे आमच्याकडे करून.

एवढंच. तुमच्यासाठी ती कदाचित रोजची सवय असेल.

ताई, माझे वडील अगदी असंच करायचे. पोतं काट्यावर चढलं की शेतकऱ्याकडे बघून दोन्ही हात वर करायचे आणि मगच वजन वाचायचे. मार्केट यार्डात काटा मारायला गुडघा पुरतो, कोपर पुरतं, पारड्याखाली एक बोट पुरतं. म्हणून बाबा हात दाखवायचे. बघा, माझा हात कुठे नाही. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. आईने त्या फळीवर उभं राहून तुमच्या उघड्या तळव्यांकडे पाहिलं आणि ती अहिराणीत म्हणाली, “मनी बहीणले आसं कोनी तोलं नही.” माझ्या बहिणीला असं कुणी तोललं नाही. मग ती रडायला लागली.

तुम्ही घाबरला नाहीत, घाई केली नाहीत, मला ‘काय झालं’ म्हणून खुणाही केल्या नाहीत. वजनं ठेवलीत, काटा थांबेपर्यंत थांबलात आणि आकडा फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलात. प्रमाणपत्र लिहिताना तिचं नाव दोनदा विचारून घेतलंत, तिच्या तोंडून, माझ्या नव्हे.

घरी आल्यावर मी ते प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा वाचलं. ‘ही बाई चेटकीण नाही’ असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. एवढंच आहे की हिचं वजन हिच्या शरीराच्या बांध्याला साजेसं आहे. जुनी प्रमाणपत्रंही अशीच असायची म्हणे. लोक दूरदूरहून, पार जर्मनीतल्या मुलखांतून, पायी यायचे आणि हा कागद छातीशी धरून परत जायचे. त्या काळी युरोपात अशा आळापायी चाळीस ते साठ हजार माणसांना मारलं, त्यांत बहुतेक बाया. आणि तुमच्या काट्यावर एकही माणूस दोषी निघाला नाही. मापाडी होता, कारकून होता, गावचे पंच साक्षीला होते. त्यांच्यातल्या सगळ्यांनाच चेटूक खोटं वाटत होतं असं मला वाटत नाही. काहींचा विश्वास असेलही. पण जे भरेल तेच लिहायचं, हे त्यांनी सोडलं नाही. मला हे फार मोठं वाटतं. आमच्या गावात भगतावर विश्वास ठेवणारे शंभर जण होते, त्याबद्दल माझी आता तक्रार नाही. पण त्या सुपावरून भगताचे हात एकदाही उचलले गेले नाहीत आणि ‘हात काढ’ म्हणणारा एकही निघाला नाही, याची आहे. ठाण्यातल्या माणसाने नुसतं जे घडलं ते कागदावर मांडलं असतं तरी मावशीचं घर कदाचित राहिलं असतं. त्याचं कामच ते होतं.

माणसाचं भलेपण म्हटलं की आपल्याला मोठमोठी माणसं आठवतात. मला आता बाबांसारखी आठवतात. पावतीवर खाडाखोड न करणारा कारकून, रात्री बाराला दार उघडणारी नर्स, नाव नीट विचारून लिहिणारी शाळेतली बाई. त्यांना कुणी हार घालत नाही. मावशीच्या वाटेला यातलं एक जरी माणूस त्या रात्री आलं असतं!

स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसची अन्ना गोल्डी तुम्हाला नक्की माहीत असेल. मोलकरीण होती. मालकाच्या मुलीला सुया चारल्याचा आळ तिच्यावर आला आणि १७८२ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. २००८ मध्ये तिथल्या संसदेने ती निर्दोष होती असं जाहीर केलं. सव्वादोनशे वर्षांनी का होईना, कुणीतरी ते म्हटलं. मावशीसाठी अजून कुणी म्हटलेलं नाही. तिच्या गावात आजही कुणी तिचं नाव घेत नाही, लेकरांना तर नाहीच. त्या शनिवारी आईने परक्या देशातल्या एका काट्यावर उभं राहून तिच्या बहिणीची गोष्ट पहिल्यांदा मोठ्याने काढली आणि ऐकणारी तुम्ही होतात. शब्द तुम्हाला कळले नाहीत, तरी तुम्ही मान खाली घालून ऐकत राहिलात.

बाहेर पुलाजवळच्या बाकावर आम्ही तासभर बसलो. पाण्याकडे बघत आईने मला मावशीच्या लग्नातली गंमत सांगितली, तिच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची चव सांगितली, ती झाडावर कशी चढायची ते सांगितलं. यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. माझ्यासाठी मावशी म्हणजे आत जाऊन बसणारी बाई होती.

आई गेल्या महिन्यात परत गेली. प्रमाणपत्र फ्रेम करून देते म्हटलं तर नको म्हणाली. तिने ते घडी न करता, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, हातातल्या पिशवीतून नेलं. आता ते शहाद्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे, बाबांच्या मापाडीच्या बिल्ल्याखाली.

काल फोनवर हे पत्र तिला वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबवलं तिने. कळण्याच्या भाकरीचं कशाला लिहिलंस, त्यांना काय कळणार, म्हणाली. मग म्हणाली, राहू दे. शेवटी तिचा एक निरोप आहे तो जसाच्या तसा लिहिते: “त्यांना विचार, त्या दिवशी जेवल्या होत्या का? आपल्यापायी त्यांची दुपार झाली होती.”

तुमची,
शहाद्याच्या मापाड्याची मुलगी