फोन करायला लाजू नकोस

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, ही टेक्सस असोसिएशन ऑफ काउंटीजची वर्गणी आमची काउंटी नेमकी कशासाठी भरते?" मी "सावकाश सांगते" म्हटलं आणि बोलणं आजीच्या गुडघ्यांवर गेलं. नंतर रात्री झोप लागेना. काउंटी म्हणजे इथला जिल्हा; आमच्या काउंटीच्या ट्रेझररच्या, म्हणजे खजिनदाराच्या, ऑफिसात मी चोवीस वर्षं काढली. त्यातले कितीतरी अवघड दिवस ज्या फोनच्या आधाराने निभावले, त्याबद्दल दोन वाक्यांत सांगून मोकळं होणं मनाला पटेना. म्हणून लिहायला बसले.

तू डॅलसच्या मोठ्या फर्ममधून येते आहेस. तिथे टॅक्सचं काही अडलं की एक मजला वर जायचं, कायद्याचं अडलं की शेजारच्या खोलीत. आता काउंटीची ऑडिटर म्हणून ऑफिसात तू आणि एक असिस्टंट. तुझ्या काउंटीत बारा-तेरा हजार माणसं, म्हणजे ऑडिटर नेमणं जिथून बंधनकारक होतं त्या १०,२०० च्या आकड्याच्या जरा वर. तुझी नेमणूक डिस्ट्रिक्ट जज्जांनी केली, कमिशनर्स कोर्टाने, म्हणजे काउंटीच्या कारभारी मंडळाने, नाही. ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. ज्यांची बिलं तू तपासणार त्यांच्या हातात तुझी नोकरी नसावी. पण त्याची दुसरी बाजू पहिल्या महिन्यातच कळेल: अख्ख्या कोर्टहाउसमध्ये तुला विचारायला कोणी नसतं. शेरीफ निवडून आलेला, क्लार्क निवडून आलेली, ट्रेझरर निवडून आलेली. कोणी कोणाचा साहेब नाही.

आबा साताऱ्याला जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात होते तेव्हा अडलं की फाइल वर जायची, आणि उशिरा का होईना, खुलासा खाली यायचा. मी इथे कामाला लागले तेव्हा मला वाटलं, इथेही तसंच असेल. इथे राज्याच्या राजधानीतून, ऑस्टिनहून, कायदा येतो. खुलासा येत नाही.

टेक्ससमध्ये २५४ काउंट्या. २०२० च्या जनगणनेत हॅरिस काउंटीत सत्तेचाळीस लाखांवर माणसं होती आणि लव्हिंग काउंटीत चौसष्ट. तुरुंग कसा चालवायचा, कर कसा ठरवायचा, जमाखर्च कसा ठेवायचा, याचा कायदा बहुतेक दोघींनाही सारखाच लागू. शहरांसारखं आपले नियम आपण करायचं स्वातंत्र्य काउंटीला नाही. राज्यघटनेने आणि विधिमंडळाने जेवढं हातात दिलं तेवढंच करता येतं. हॅरिसकडे वकिलांची फौज आहे. आमच्या आठ हजार वस्तीच्या काउंटीत काउंटी जज्ज, म्हणजे कमिशनर्स कोर्टाचे अध्यक्ष, कापूस पिकवणारे होते. काउंटी जज्ज वकील असावा असं घटनाही म्हणत नाही, राज्याच्या कायद्याची चांगली जाण असलेला असावा एवढंच म्हणते. ते होतेच तसे, रात्री जागून कायदे वाचायचे. पण एकट्या माणसाने किती वाचायचं?

ही अडचण सगळ्या लहान काउंट्यांची होती, म्हणून १९६९ मध्ये काउंट्यांनीच मिळून टेक्सस असोसिएशन ऑफ काउंटीज उभी केली. हे नीट लक्षात घे. ती सरकारी खातं नाही आणि काउंट्यांना काही विकायला आलेली कंपनीही नाही. तिच्या संचालक मंडळावर जज्ज, कमिशनर, शेरीफ, क्लार्क, ट्रेझरर असे काउंटीचेच लोक बसतात. वर्गणी आपली आणि संस्थाही आपली.

मी पहिला फोन केला तो १९९९ च्या पावसाळी वसंतात. आमच्याकडे ऑडिटर नव्हता, बिलं आमच्याच टेबलावरून जायची. एका कमिशनरने एका वृद्ध बाईंच्या घरापर्यंतच्या खासगी रस्त्यावर काउंटीची खडी टाकायचं ठरवलं होतं. बाई एकट्या, रस्ता चिखलाने बंद, हेतू सोन्यासारखा. खडीचं बिल माझ्यासमोर आलं आणि माझा हात थांबला. नाही म्हणायची माझी पायरी नव्हती. ट्रेझररबाई म्हणाल्या, "ऑस्टिनला असोसिएशनचा कायद्याच्या मदतीचा फोन आहे, लाव." पलीकडच्या वकिलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं: घटनेचं तिसरं कलम, पोटकलम ५२, सरकारी पैसा किंवा वस्तू खासगी माणसाला बक्षीस देता येत नाही. तुमच्या काउंटी अ‍ॅटर्नीला दाखवा, कारण तुमचे वकील ते, मी नव्हे. मी ते लिहून काढलं आणि ट्रेझररबाईंनी चिठ्ठी पुढे नेली. कमिशनर रागावले नाहीत. त्या रविवारी चर्च सुटल्यावर ते स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन गेले, शेजारी आले, आणि रस्ता झाला.

त्या वकिलाचं शेवटचं वाक्य तूही लक्षात ठेव. ती मंडळी कायदा काय म्हणतो ते सांगतात, तुमच्या वतीने कोर्टात उभी राहत नाहीत. त्यांच्या उत्तरावर थेट सही करायची नाही, आधी आपल्या अ‍ॅटर्नीकडे जायचं. पण अ‍ॅटर्नीकडे काय विचारायचं हे कळून जाणं आणि नुसतं भांबावून जाणं यात फार फरक आहे गं.

आता विम्याचं सांगते, कारण तुझ्या खात्यात मोठे आकडे तिथेच दिसतील. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत विमा कंपन्यांनी सरकारी संस्थांचे हप्ते भरमसाट वाढवले, काहींना तर विमाच नाकारला. सगळ्यांनी पैसे एकत्र ठेवून एकमेकांचं नुकसान भरून काढायचं, या पद्धतीने त्या काळात देशभर जोर धरला. कायद्यात त्याला आंतरस्थानिक सहकार्य म्हणतात, इथले लोक नुसतं पूल म्हणतात. आजीची भिशी आठव. फक्त इथे चिठ्ठी निघत नाही, ज्याच्या छपरावर गारा पडतात त्याला पैसे मिळतात. असोसिएशनच्या आधाराने असे पूल चालतात: मालमत्ता आणि दायित्वाचा, कामावर जखमी झालेल्यांचा, कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा. त्यात भागधारकाला द्यायचा नफा नसतो.

गारांचं उगाच नाही म्हणाले. आमच्या तिसऱ्या प्रीसिंक्टने, म्हणजे काउंटीच्या चार भागांपैकी एकाने, रस्ते सपाट करायच्या मेंटेनरसाठी लोखंडी पत्र्याची शेड बांधली होती. दीड वर्षाने मे महिन्यात लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि शेड बसली. दोन दिवसांत पूलचा माणूस पाहणीला हजर. त्याने यादी काढली, मी माझी प्रत काढली. शेड यादीत नव्हतीच. नवी मालमत्ता कळवायची मुदत कधीच उलटून गेली होती आणि ती यादी माझ्याच टेबलावरून जायची. त्या माणसाने नियमात बसेल तेवढं सगळं शोधून पाहिलं, पण जे नोंदवलेलंच नाही त्याचे पैसे इतर काउंट्यांच्या खिशातून कसे द्यायचे? दुरुस्ती जनरल फंडातून, म्हणजे काउंटीच्या सर्वसाधारण तिजोरीतून, झाली आणि त्या वर्षी मोऱ्यांची कामं राहिली. पावसात एका गावची स्कूलबस तीन मैल वळसा घालून जायची. ती बस दिसली की माझ्या पोटात कालवायचं. तेव्हापासून दर तिमाहीला मी स्वतः प्रत्येक प्रीसिंक्टला जाऊन आवारात फिरून यायची.

दुसरी गोष्ट त्याहून कडू. तुरुंगातल्या एका कर्मचाऱ्याने ओव्हरटाइम मिळत नाही अशी तक्रार केली आणि दोन आठवड्यांत त्याला काढून टाकलं. पूलकडे मनुष्यबळाचे सल्लागार असतात. "कोणाला काढायचं असेल तर आधी आम्हाला फोन करा" हे ते प्रत्येक वर्गात सांगायचे. त्या दिवशी कोणी केला नाही. पगाराची तक्रार केली म्हणून सूड उगवू नये, हा संघराज्याचा कायदा आहे. आधी विचारलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. प्रकरण तीन वर्षं चाललं, साक्षीला मीही गेले. त्या माणसाचे हजेरीपट मी तपासले होते आणि तास खरे होते. पैसे गेले ते गेलेच, पण एक चांगला माणूस तीन वर्षं झुरला, ते माझ्या मनातून जात नाही.

या लोकांकडे आपण बहुधा नुकसान झाल्यावर जातो. त्यांचं खरं काम नुकसानीच्या आधीचं. रस्त्यावर काम करणाऱ्या माणसांना सुरक्षेचं शिक्षण, शेरीफच्या डेप्युटींना सिम्युलेटरवर गाडी चालवायचा सराव, धोरणांचे मसुदे, काउंट्यांना ईमेल आणि वेबसाइट पुरवणारी वेगळी एजन्सी. ही शेवटची गोष्ट मला आधी फालतू वाटायची. मग १६ ऑगस्ट २०१९ चा शुक्रवार आला. टेक्ससमधल्या बावीस स्थानिक संस्थांचे संगणक एका सकाळी कुलूपबंद झाले. चोर एका बाहेरच्या संगणक-सेवा कंपनीच्या दारातून शिरले होते आणि पंचवीस लाख डॉलर मागत होते. आम्ही वाचलो, पण त्या दिवशी पगाराची फाइल बँकेत पाठवताना माझे हात थरथरत होते. त्याच वर्षी सायबर-सुरक्षेचं वार्षिक प्रशिक्षण कायद्याने सक्तीचं झालं. असोसिएशनने काउंट्यांसाठी त्याचा कोर्स केला, तो तुझ्या लोकांकडून वेळेत करून घे.

राष्ट्रीय पातळीवर वॉशिंग्टनला नॅशनल असोसिएशन ऑफ काउंटीज आहे, १९३५ पासूनची. तिचं महत्त्व मला २०२१ मध्ये पटलं. मार्चमध्ये कोविडकाळातल्या मदतीचा अमेरिकन रेस्क्यू प्लॅन हा कायदा झाला आणि देशातल्या काउंट्यांसाठी ६५.१ अब्ज डॉलर थेट आले. पैसे आले, पण महसूल बुडाला ते सिद्ध करायचं गणित इतकं किचकट की लहान काउंट्या खर्चाला हात लावेनात. काउंट्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी हे सतत कानावर घातलं. जानेवारी २०२२ च्या अंतिम नियमात एक कोटी डॉलरपर्यंतची रक्कम गणिताशिवाय बुडीत महसूल धरायची मुभा मिळाली. आमची सगळी रक्कम त्यात बसली. माझ्या निवृत्तीच्या वर्षातला तो सर्वांत हलका दिवस. तुझ्या काउंटीने त्यातले किती खर्च केले ते आधी पाहा. ३१ डिसेंबर २०२६ नंतर उरलेलं परत जातं.

आता तुझ्या मनातला खरा प्रश्न. "करदात्यांच्या पैशातून लॉबी", म्हणजे आमदारांवर वजन टाकणं, हे शब्द तू वापरलेस, आणि तुझ्या आवाजात जरा धार होती. ती असावी. जो माणूस कर भरतो त्याने विचारावं की माझाच पैसा माझी करकपात अडवायला वापरतात का? २०१९ मध्ये काउंटीच्या महसूल वाढीची मर्यादा ८ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर आली, त्यापुढे गेलं तर मतदान. त्याच अधिवेशनात वर्गणीच्या पैशातून लॉबी करायला बंदी घालणारं विधेयक सिनेटमध्ये संमत झालं आणि हाउसमध्ये पडलं. तो वाद अजून मिटलेला नाही.

माझं मत विचारशील तर विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा १४० दिवस बसतं आणि हजारो विधेयकं येतात. गरीब आरोपीला वकील द्यायचा, तो बहुतांशी काउंटीच्या पैशाने. गरीब आजाऱ्याचा खर्च, तोही काउंटीने, करवसुलीच्या ८ टक्क्यांपर्यंत. ही कामं चांगलीच आहेत, मी त्यांच्याविरुद्ध कधी बोलणार नाही. पण खर्च कोणाच्या माथी पडतो ते समितीपुढे आकड्यांनिशी सांगायला कोणीतरी लागतं. आमचे जज्ज कापूस आणि कोर्ट सोडून दर आठवड्याला ऑस्टिनला जाऊ शकत नव्हते.

तरी तू ऑडिटर आहेस, माझ्या मतावर जाऊ नकोस. स्थानिक शासन संहितेचं कलम ८९.००२ उघड. सदस्यत्वाला कमिशनर्स कोर्टाच्या बहुमताची मंजुरी आहे का, वर्गणी काउंटीच्या नावाने आणि जनरल फंडातून गेली का, ते इतिवृत्तात शोध. अशा संस्थेने विधेयकांबाबत काय करू नये आणि निवडणुकीत कोणाला मदत करू नये, हेही तिथेच आहे, आणि नियम मोडला तर करदाता कोर्टात मनाई मागू शकतो. सगळं तपासून मगच वर्गणीचं बिल पास कर. काही चुकलेलं दिसलं तर तेही लिही, आईची संस्था म्हणून सोडू नकोस.

दोन वर्षांच्या मुदतीत तुला चाळीस तासांचं शिक्षण लागेल, ते तुझ्या सीपीएच्या, म्हणजे सनदी लेखापालाच्या, तासांतही धरलं जातं. वर्ग ऑनलाइन मिळाले तरी पहिल्या वर्षी प्रत्यक्ष जा. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एकदा राज्याच्या उत्तर टोकाच्या पॅनहँडलमधली एक ट्रेझरर बसली होती. पुढे सोळा वर्षं वर्षाअखेरीचा ताळेबंद आम्ही फोनवर एकमेकींना वाचून दाखवत होतो.

सोबत माझी निळी डायरी पाठवते आहे. प्रत्येक फोनची तारीख, प्रश्न आणि उत्तर त्यात आहे. कायदे बदललेत, तेव्हा उत्तरं तशीच वापरू नकोस, प्रश्न मात्र वाच. आणि या आठवड्यात, अंदाजपत्रकाच्या आधी, मालमत्तेची यादी हातात घेऊन चारही प्रीसिंक्टच्या आवारात फिरून ये. पायात बूट घाल, गवतात साप असतात.

तुझी,
आई