दादाच्या घराबद्दल थोडं सविस्तर

प्रिय आई, बाबा,

फोनवर दादाला पाच जणांच्या छोट्या घरात राहायला न्यायचा विषय काढला की आई रडायला लागते आणि बाबा, तुम्ही विषय बदलता, मग मीही इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवते. म्हणून लिहितेय. एका बैठकीत वाचायची घाई नाही पण पूर्ण वाचा एवढंच.

त्या रात्रीबद्दल आपण नंतर कधी बोललोच नाही. गेल्या महिन्यात मी आले होते तेव्हा पहाटे साडेचारला पाणी प्यायला उठले आणि दादाच्या खोलीत सहज डोकावले तर तो पलंगावरून अर्धा खाली लटकलेला, उशीवर रक्त, जीभ चावलेली, पायजमा ओला. फिट कधी येऊन गेली कुणाला कळलंच नव्हतं. आई, त्याची कूस बदलली तरी जागी होणारी तू, पण आता रात्री कानातलं मशीन काढून ठेवावंच लागतं ना. ते तुझ्या उशाशी डबीत होतं, तुझ्या हातभर अंतरावर, आणि बाबा झोपेच्या गोळीवर. मी मुळीच दोष देत नाहीये. पस्तीस वर्षं तुम्ही दोघांनी आळीपाळीनं जागून काढलीत, एवढं कुणीही केलं नसतं. पण त्या डबीकडे बघून माझ्या लक्षात आलं की आपल्या घरात आता रात्रपाळीला कुणीच नाहीये.

तुम्ही नेहमी म्हणता, आम्ही आहोत तोवर तो आमच्यापाशी, पुढचं तू बघ. मी बघणारच आहे, त्यात शंका नको. पण नीट विचार केलात तर "पुढचं" म्हणजे काय? ज्या दिवशी त्याचे आई-बाबा जातील त्याच दिवशी त्याची खोली जाईल, पलंग जाईल, संध्याकाळचा फेरफटका जाईल, सगळं एकाच दिवशी, आणि तो अशा माणसांत जाऊन पडेल ज्यांना हेही माहीत नसेल की तो डावा कान ओढायला लागला की त्याचं काहीतरी दुखत असतं. त्याला सांगता येत नाही, आपण कानावरून ओळखतो. मला तो तुम्ही असताना नव्या घरात जायला हवाय, म्हणजे तिथली माणसं तुम्हाला विचारू शकतील, आणि तुम्ही रविवारी गेलात की तो तुम्हाला हाताला धरून स्वतःची खोली दाखवेल.

दादासारखं कुणीतरी घरात असलेली आम्ही पाच कुटुंबं आठ महिने भेटतोय हे तुम्हाला माहितीय, पण काय ठरतंय ते मी नीट सांगितलंच नव्हतं. आधी एक मोठी संस्था बघून आलो होतो. स्वच्छ होती, माणसंही वाईट नव्हती, पण एका हॉलमध्ये चाळीस पलंग, आणि बेसिनवर एका मगमध्ये सगळ्यांचे टूथब्रश, नाव नाही, खूण नाही. मी विचारलं कुणाचा कुठला कसं कळतं, तर त्या बाई म्हणाल्या आम्ही देतो हातात. त्या मगसमोरून माझा पाय निघेना. तुमच्या मनात ग्रुप होम, म्हणजे अशा काही जणांनी केअरटेकरच्या मदतीनं मिळून राहायचं घर, म्हटलं की तेच चित्र येतं, म्हणून सांगते, आम्ही जे करतोय ते बरोबर त्याच्या उलट आहे.

आकडा वाढला की माणूस हरवतो हे जगानं आधीच बघितलंय. न्यूयॉर्कमध्ये विलोब्रुक नावाची मतिमंद मुलांसाठीची सरकारी संस्था होती, चार हजारांसाठी बांधलेली, आणि १९६५ च्या सुमारास तिथे सहा हजार जण कोंबलेले. १९७२ मध्ये टीव्हीवर आतलं चित्रण दाखवलं गेलं तेव्हा लोक हादरले, त्याच वर्षी पालक कोर्टात गेले, १९७५ मध्ये कोर्टासमोर करार झाला की या माणसांना समाजात छोट्या घरांमध्ये हलवायचं, आणि १९८७ मध्ये ती जागा कायमची बंद झाली. कोर्टात गेलेले ते पालक तुमच्यासारखेच होते. दुसरीकडे बेल्जियममधलं गेल गाव बघा, तिथे मानसिक आजार असलेल्या माणसांना घराघरांत ठेवून घ्यायची पद्धत मध्ययुगापासून आहे आणि आजही थोड्या प्रमाणात चालू आहे. ते लोक त्यांना पेशंट म्हणत नाहीत, बोर्डर म्हणतात, म्हणजे आपल्याकडे राहायला असलेला माणूस. आई, परक्यांच्या हातात म्हणतेस ना तू, तर परकी माणसं शेकडो वर्षं हे करत आलीयत, फक्त त्यांना एका वेळी एक-दोघांचंच बघायचं असतं.

म्हणून आपलं घर पाच जणांचं. एक मजला, जिना नाही, प्रत्येकाला वेगळी खोली आणि त्या खोलीची किल्ली ज्याची त्याच्याकडे. आम्ही असं एक चालू घर बघायला गेलो होतो तेव्हा तिथले एक काका आम्हाला खोली दाखवायला निघाले, किल्ली कुलपात जाईना, उलटी घातली, परत काढली, हात थरथरतायत, आणि शेजारी उभी असलेली केअरटेकर मुलगी काहीच करत नव्हती, नुसती उभी. आमच्यातल्या एकांनी मदतीला हात पुढे केला तर तिनं मानेनंच नको म्हटलं. चार-पाच मिनिटं गेली असतील. दार उघडल्यावर त्या काकांनी आमच्याकडे ज्या चेहऱ्यानं बघितलं तो चेहरा मला दादाचा हवाय. स्टाफ निवडताना आम्ही आता हेच बघतोय, कुणाला थांबता येतं.

बाबा, हिशोब तुम्हाला लागतो म्हणून देते. आठवड्याचे तास १६८. नुसता एक माणूस चोवीस तास घरात हवा म्हटलं तरी ४८ तासांच्या आठवड्यानं साडेतीन माणसं लागतात, म्हणजे प्रत्यक्षात चार, आणि कुणी रजेवर गेलं की पाचवा. आम्हाला दिवसाचे सोळा तास दोघं आणि रात्री एक जण हवाय, ते होतात आठवड्याचे २८० तास, म्हणजे सहा माणसं आणि वर एक बदली. सगळ्यात मोठा खर्च हाच. बरेच जण घर आधी घेतात, फरशी रंग सगळं करतात, आणि पगाराला पैसे उरत नाहीत म्हणून मग एकच माणूस दिवसरात्र राबतो, तो सहा महिन्यांत थकतो नाहीतर चिडचिडा होतो, आणि त्याची चिडचिड कुणावर निघणार? म्हणून आम्ही पगाराची तजवीज आधी करतोय आणि घर तूर्तास भाड्याचं.

रात्रीचा माणूस जागा असणार. यावर आमच्यात खूप वाद झाला कारण झोपणारा माणूस स्वस्त पडतो, बेल वाजली की उठेल असं म्हणतात, पण मी अडूनच बसले. अंग झटके द्यायला लागलं की वाजणारा सेन्सर दादाच्या गादीखाली असेलच, पण तो नुसता वाजतो, कुशीवर वळवायला माणूसच लागतो. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर नाकातला स्प्रे आणि ॲम्ब्युलन्स, हे प्रत्येक शिफ्टला तोंडपाठ हवं. घड्याळ बघायचं, अंदाज नाही.

बाकी घरातलं म्हणजे बाथरूमचं दार बाहेर उघडणारं, कारण आत कुणी पडलं तर आत ढकलायचं दार त्याच्याच अंगाला अडतं. कडी बाहेरूनही उघडता येणारी. गरम पाण्याला तापमान ठरवून देणारा व्हॉल्व्ह, कारण साठ अंशांच्या पाण्यानं काही सेकंदांत भाजतं आणि दादा चटकन हात मागे घेत नाही हे आपण भोगलंय. औषधं कुलपात, दिली की लगेच तक्त्यावर सही, आणि नाही घेतली तर का नाही तेही लिहायचं. महिन्यातून एकदा आग लागली तर बाहेर कसं पडायचं त्याची प्रॅक्टिस, त्यातली काही रात्रीची, कारण रात्री एकच माणूस असतो तेव्हाच खरी परीक्षा.

कोण कुणाबरोबर राहणार हे सगळ्यात अवघड निघालं. एक मुलगा आहे, खूप गोड आहे, पण दिवसातून बऱ्याचदा मोठ्यानं ओरडतो, आणि दादा आवाजाला किती घाबरतो. त्याच्या आईला मी हे कसं सांगितलं माझं मला माहीत. त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या की माझ्या मुलालाही कान झाकून बसलेला माणूस समोर नकोच. आता त्यांच्यासाठी दुसरं घर जमवतोय, मी त्यांना सोडलेलं नाही.

आणि हो, शेजारी. बाबा, तुम्ही म्हणालात लोक राहू देणार नाहीत. काही जण आले बोलायला, मुलं लहान आहेत, जागांचे भाव पडतील वगैरे. अमेरिकेत टेक्सासमधल्या क्लेबर्न गावानं असंच मतिमंद माणसांसाठीचं तेरा जणांचं घर खास परवानगी नाकारून अडवलं होतं, कारणं काय तर समोर शाळा आहे, जागा पुराच्या पट्ट्यात येते. पण त्याच जागी हॉस्पिटल किंवा नर्सिंग होम काढायला त्या खास परवानगीची गरजच नव्हती. १९८५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की यामागे फक्त मनातली अढी दिसते, आणि गाव हरलं. पण मला कोर्टानं मिळवलेले शेजारी नकोत. आम्ही घरोघरी जाऊन भेटतोय, कोण राहणार, रात्री कोण असणार, काही वाटलं तर फोन कुणाला करायचा, सगळं सांगतोय. एक आजोबा तर स्वतःहून म्हणाले की मी संध्याकाळी चालायला जातो, कुणी येणार असेल तर सोबत नेईन.

पैशाचं एकच सांगते. दादाच्या नावचे पैसे ट्रस्टमध्ये, आणि त्याचे कायदेशीर निर्णय बघणारी व्यक्ती घर चालवणाऱ्यांपैकी नको. जे पगार घेतात तेच त्याच्या वतीनं सह्या करायला लागले तर तक्रार कोण करणार? मी असेन, आणि माझ्यानंतर कोण तेही लिहून ठेवायचंय, त्यासाठी वकिलांकडे आपण तिघं जाऊ. घरात कधीही न सांगता जाता येईल हा नियम पाचही कुटुंबांनी आधीच लिहून घेतलाय.

आता दादाचं. आपण तिघं त्याच्याबद्दल बोलतो पण त्याला विचारलं कुणी? संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्कांच्या करारात कलम १९ आहे, कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे ठरवायचा हक्क अपंग माणसालाही बाकीच्यांइतकाच आहे असं सांगणारं. मी ते वाचलं आणि मला लाज वाटली. मग त्याला घेऊन गेले, तीनदा. पहिल्यांदा गाडीतून उतरलाच नाही. दुसऱ्यांदा दारात उभा राहिला. तिसऱ्यांदा सगळ्या खोल्या फिरला आणि रस्त्याकडच्या खोलीत खिडकीपाशी जाऊन बसला, गाड्या मोजत, आणि निघायचं म्हटलं तर उठेना. मोठी खोली मागची आहे, मी त्याच्यासाठी तीच धरली होती. आता ती रस्त्याकडचीच.

एकदम न्यायचं नाहीये. आधी दुपार, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, असं तीन-चार महिने. त्याची गादी, त्याची चादर, भिंतीवरचं घड्याळ तेच. नाही रमला तर थांबायचं, परत आणायचं. हे मी तुम्हाला शब्द देते.

आई, तुझ्याकडून एक काम हवंय, तुझ्याशिवाय कुणालाच जमणार नाही. एक वही कर. त्याला उठवताना आधी पायाला हात लावायचा आणि मग हाक मारायची, केस कापताना कुठलं गाणं म्हणायचं, कान ओढणं, रुसला की किती वेळ एकटं सोडायचं, जे जे तुझ्या हाताला माहितीय ते सगळं. अक्षराची काळजी करू नको, मी टाइप करून घेईन. बाबा, तुमची फिटची डायरी, तारीख-वेळ-किती मिनिटं, ती पहिल्या पानापासून स्कॅन करायचीय.

पुढच्या रविवारी सकाळी मी गाडी घेऊन येते. तिघांनाही घेऊन जाईन, नुसतं बघायला. आई, मशीन लावून ये, तिथल्या मुली हळू बोलतात.

तुमची लेक