‘वयाचं आहे’ म्हणून गुडघे सोडून द्यायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला गुडघेदुखीवरचा लेख वाचला आणि फार वाईट वाटलं. लेखकांनी गुडघ्याला झिजलेल्या बिजागरीची उपमा दिली आहे. जितका वापर तितकी झीज, म्हणून साठीनंतर जिने टाळा, चालणं बेतानं ठेवा, असा सल्लाही दिला आहे. हाच सल्ला माझ्या थोरल्या बहिणीनं इमानेइतबारे पाळला होता, म्हणून गप्प बसवत नाही.

ताई रोज सकाळी कोपिनेश्वराला जायची, येताना जांभळी नाक्यावरून भाजी आणायची. गुडघा दुखतो म्हणून आम्ही तिला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, ‘‘गादी संपली, हाडावर हाड घासतंय. वयाचं आहे. चालणं कमी करा.’’ झालं. हाडावर हाड घासतंय हे तिच्या मनानं असं काही घेतलं, की खुर्चीतून उठतानाही ती आधी डोळे मिटून घ्यायची. देऊळ सुटलं, मंडई सुटली, मग शेजारीपाजारी जाणंही सुटलं. दिवसभर पलंगावर. मी तेल लावून द्यायची तेव्हा मांडीचा स्नायू हाताला लागेनासा झाला होता. गुडघ्याला धरून ठेवणारा हाच स्नायू! तो गेला म्हटल्यावर दुखणं कमी कसं होणार? वाढलंच. रात्रीची झोप गेली आणि झोप गेल्यावर दुखणं दुप्पट जाणवू लागलं.

एक्स-रेमधली झीज आणि माणसाचं दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही, हे संशोधकांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. फोटोत सांधा पार खराब दिसणारी माणसं बिनतक्रार चालतात, आणि फोटोत फारसं काही नसलेल्यांना जिना चढवत नाही. राहिली बिजागरी. तिला जीव नसतो, सांध्याला असतो. कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या त्या गादीत, रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. म्हणून तर जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम आणि गरज असेल तिथे वजन कमी करणं हे पहिले उपाय आहेत. वजनाबद्दल आपल्या लेखात एकच वाक्य आहे, तेही दटावणीचं. किलोभर वजन उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो, असं अमेरिकेतल्या २००५च्या अभ्यासात दिसलं. हे सांगितलं असतं तर कुणाला हुरूप तरी आला असता.

आणि ‘वयाचं’ म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या आकडेवारीत सांध्यांच्या झिजेच्या (ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या) ५२ कोटी ८० लाख रुग्णांपैकी ७३ टक्के पंचावन्नच्या पुढचे आहेत. म्हणजे चौथा हिस्सा त्याहून तरुण आहे. त्यांना काय सांगणार?

ताईला सांध्यात स्टेरॉइडची इंजेक्शनंही दिली गेली. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी अशी इंजेक्शनं दोन वर्षं दिली, उरलेल्यांना नुसतं सलाइन. सलाइन टोचलेल्यांच्या तुलनेत स्टेरॉइड घेतलेल्यांचं दुखणं कमी झालं नाही, कूर्चा मात्र जास्त झिजली. आपल्या लेखात इंजेक्शनांची भलामण आहे, या अभ्यासाचा उल्लेखही नाही.

शेवटी ओळखीतल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं घरी येऊन ताईच्या गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला आणि म्हणाली, ‘‘आजी, हा खाली दाबा, पाच मोजा, सोडा.’’ मग खुर्चीतून हात न टेकता उठणं, मग कचराळी तलावाला फेरी. दुखेल, पण दुखलं म्हणजे काही मोडलं असं नाही, हे तिनं ताईला पुन्हा पुन्हा समजावलं. ताई आज चालते. काठी घेऊन, हळू, पण चालते. गेलेली वर्षं मात्र तिला कुणी परत देणार नाही.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडे म्हातारं माणूस दुखतंय म्हणालं की घरचे ऐकत नाहीत, दवाखान्यात पुढच्या पेशंटला हाक जाते.

आणखी एक. त्याच पानावर, लेखाच्या अगदी खाली, पंधरा दिवसांत गुडघेदुखी मुळापासून घालवणाऱ्या तेलाची जाहिरात आहे. वर ‘यावर इलाज नाही’ आणि खाली हे तेल! घाबरलेलं माणूस फोन कुठे लावणार? असल्या जाहिराती आरोग्याच्या पानावर तरी घेऊ नका. आणि पुढच्या पुरवणीत गुडघ्याचे व्यायाम एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून लिहून घेऊन चित्रांसह छापा, आम्हाला चश्म्याशिवाय वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)