धोटा लागून डोळा गमावलेल्या कामगाराच्या भरपाई दाव्यासाठी वकील निधी : इचलकरंजीकरांना आवाहन

सर्व यंत्रमाग कामगार बंधू-भगिनींना, जॉबर (मागांची देखभाल करणारे), कांडीवाल्या व सायझिंगमधील (सुताला खळ देणाऱ्या) सहकाऱ्यांना आणि वस्तीतील रहिवाशांना मंडळाचा नमस्कार.

आपल्या वस्तीत राहणारे व गेली अनेक वर्षे यंत्रमागावर घर चालवणारे एक सहकारी २०२५ च्या उन्हाळ्यात रात्रपाळीला असताना मागावरून उडालेला धोटा (आडवा धागा घेऊन मागावर वेगाने ये-जा करणारा भाग) डोळ्यावर लागून जखमी झाले. शस्त्रक्रिया झाली, पण त्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही. त्यांचे वय ३५ आहे, मुले शाळेत आहेत आणि आज घर त्यांच्या पत्नीच्या कांड्या भरण्याच्या मजुरीवर चालले आहे. मुलांना शाळेत कोणी काही विचारू नये, या त्यांच्या इच्छेला मान देऊन त्यांचे नाव येथे दिलेले नाही. मंडळाच्या कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकाला सर्व कागदपत्रे पाहता येतील.

कारखान्यात दहापेक्षा कमी माणसे कामाला असल्याने त्यांचे ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) कार्ड नव्हते. त्यामुळे भरपाईचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कर्मचारी भरपाई कायदा, १९२३. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असली तरी अपघात त्याआधीचा असल्यामुळे दावा जुन्या कायद्यानुसारच दाखल करायचा आहे, आणि त्यासाठी अपघातापासून दोन वर्षांची मुदत आहे. उशीर माफ होऊ शकतो हे खरे, परंतु त्या आशेवर थांबणे आम्हाला योग्य वाटत नाही.

हा कायदा मालकाची चूक सिद्ध करायला सांगत नाही. अपघात कामामुळे आणि कामावर असताना झाला, एवढे दाखवता आले की जबाबदारी मालकावर येते. कामगाराने नशा केली असेल, किंवा सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला वा यंत्रावरचा संरक्षक गार्ड मुद्दाम काढून टाकला असेल, तरच मालकाला अशा दुखापतीत सुटका मिळते. यातले काहीही येथे घडलेले नाही. मग वकील कशाला, असे काही हितचिंतकांनी विचारले. त्याचे उत्तर असे की मालकाच्या बाजूने आताच दोन गोष्टी सांगितल्या जात आहेत : हा माणूस आमचा कामगार नव्हे, त्याला जॉबरने परस्पर ठेवले होते, आणि त्याची मजुरी महिन्याला ८,००० रुपयेच होती. पहिल्या मुद्द्याला कायद्यातील १२ व्या कलमात उत्तर आहे, कारण ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगाराची जबाबदारीही मूळ मालकावर येऊ शकते. तरीही पगाराची पावती, नेमणूकपत्र किंवा हजेरीपुस्तक यांपैकी काहीच हाती नसताना ते साक्षीपुराव्याने उभे करावे लागते, आणि समोरच्या वकिलाच्या उलटतपासणीत ते टिकावे लागते.

मजुरीच्या आकड्याने किती फरक पडतो हे सर्वांनी समजून घ्यावे. हिशेबासाठी महिन्याची मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरली जाते, तिचे ६० टक्के म्हणजे ९,००० होतात आणि ३५ वर्षे वयाला कायद्यातला गुणक १९७.०६ आहे. एका डोळ्याची दृष्टी गेल्यास परिशिष्टात कमाईक्षमतेची हानी ३० टक्के दिली आहे, त्याप्रमाणे रक्कम ५,३२,०६२ रुपये होते. मजुरी ८,००० धरली तर तीच रक्कम सुमारे २ लाख ८४ हजारांवर येते. आठवड्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, असे मंडळ वर्षानुवर्षे कळकळीने सांगत आले आहे, ते याचसाठी.

आणखी एक मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. एका वेळी अनेक माग सांभाळणाऱ्या, तुटलेला धागा चालता चालता हेरणाऱ्या कामगाराचा एक डोळा गेला तर त्याची कमाई खरोखर ३० टक्केच कमी होते का? हात गमावलेल्या सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिलेल्या निकालात, तो आता सुतारकाम करूच शकत नाही म्हणून हानी शंभर टक्के धरली होती. आपल्या सहकाऱ्यांच्या बाबतीतही परिशिष्टापेक्षा जास्त हानी मांडण्याचा प्रयत्न व्हायला हवा. परंतु त्यासाठी नेत्रतज्ज्ञांचा अहवाल व साक्ष लागते, आणि अशी प्रकरणे चालवलेला वकील लागतो.

मध्यंतरी ५०,००० रुपये रोख घेऊन स्टॅम्प पेपरवर सही करावी, असा निरोप आला होता. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याच्या १७ व्या कलमाने रद्दबातल ठरतो. घरात चूल पेटवण्याची चिंता असतानाही त्या पती-पत्नींनी सही केली नाही, याचा आम्हाला अभिमान आहे. एका मध्यस्थाने फी न घेता मिळणाऱ्या भरपाईतील हिस्सा मागितला, तोही मंडळाने नाकारला. वकिलाने असा हिस्सा ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, आणि एका डोळ्याच्या मोबदल्यात कोणी वाटेकरी असावा हे आम्हाला पटतही नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाचा विचार आम्ही केला होता. मात्र पुराव्याचा वाद इतका असताना कामगार न्यायालयात भरपाईचे दावे नियमित चालवणाऱ्या वकिलांकडेच हे काम द्यावे, असे कार्यकारिणीने एकमताने ठरवले.

एकूण ६५,००० रुपयांची गरज आहे. त्यातील ४०,००० वकिलांची फी असून ती तीन टप्प्यांत द्यायची आहे. उरलेली रक्कम नेत्रतज्ज्ञांचा अहवाल व साक्ष, रुग्णालयातील कागदांच्या प्रमाणित प्रती, टंकलेखन आणि साक्षीला येणाऱ्या कामगारांची बुडणारी मजुरी यांसाठी आहे. मालक अपिलात गेले तर त्यांना आधी भरपाईची रक्कम जमा करावी लागते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच बसत असल्याने त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत. तरीही तो खर्च आज धरलेला नाही.

देणगी कितीही लहान असली तरी चालेल. पैसे कार्यालयात रोख किंवा मंडळाच्या बँक खात्यावरच द्यावेत, पावती अवश्य घ्यावी, आणि घरोघरी फिरून कोणी या नावाने वर्गणी मागितल्यास देऊ नये. जमाखर्च दर महिन्याला कार्यालयाच्या फलकावर लावला जाईल. उरलेला पैसा, तसेच न्यायालयाने दाव्याचा खर्च मंजूर केल्यास तोही, पुढच्या जखमी कामगारासाठी याच निधीत ठेवला जाईल; भरपाई, उशिराबद्दलचे १२ टक्के व्याज आणि दंडाची रक्कम मंजूर झाल्यास ती, हे सारे त्या कुटुंबाचेच राहील.

पैशांइतकीच गरज साक्षीदारांची आहे. त्या कारखान्यात त्यांच्याबरोबर पाळी केलेल्यांनी, त्या रात्री त्यांना दवाखान्यात नेणाऱ्यांनी, तसेच हिशेबाची चिठ्ठी, मजुरी जमा झाल्याची मोबाइलवरील नोंद किंवा कारखान्यात काढलेला फोटो ज्यांच्याकडे असेल त्यांनी कार्यालयात येऊन भेटावे. काम जाईल या भीतीने कोणी गप्प राहिले तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. मात्र एकट्याने न येता दोघा-तिघांनी मिळून यावे, वकिलांशी आधी बोलावे आणि मगच साक्षीचे ठरवावे. कार्यालय रोज संध्याकाळी दिवसपाळी सुटल्यानंतर उघडे असते.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी