पठारावरून पत्र

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. पुण्यातली ऑफिसची नोकरी मी सोडली. सोमवारपासून इथं वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीवर रुजू झाले. सह्या झाल्यात. विचारलं असतं तर आई रडली असती आणि मी थांबले असते.

बाबा, डिसेंबरात तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी तासाभरात पोचले होते. आता चार तास लागतील. ते मनातून जात नाही.

खोली चांगली आहे गं आई. गरम पाणी मिळतं, जेवणाला मावशी आहेत, तू दिलेली गोधडी रोज लागते. टॉवरची शिडी आतून आहे, पट्टा बांधल्याशिवाय आणि जोडीदाराशिवाय पाऊल ठेवू देत नाहीत. जोराचा वारा किंवा विजा असल्या की कुणालाच वर सोडत नाहीत. वारा ताशी ९० किलोमीटरच्या आसपास गेला की यंत्रही पाती वळवून आपणहून थांबतं.

बाबा, तुमच्या सायकलचा डायनामो आठवतो? मी पुढं दांडीवर. चढावर तुम्ही दमलात की दिवा मिणमिणायचा, उतारावर लख्ख. मी दिव्याकडं बघून सांगायचे, ‘बाबा, जोरात!’ इथं तेच आहे. पाती मिनिटाला १५-२० फेरे घेतात, गिअरबॉक्स ते १५०० च्या घरात नेतो आणि जनरेटर फिरतो. फक्त पाय वाऱ्याचे. आणि वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट नाही, ८ पट होते. म्हणून तर इथवर यावं लागतं. खाली कोयनेचं पाणी दिसतं, ते अडवून ठेवता येतं. वारा आला तेव्हाच घ्यावा लागतो. जून ते ऑगस्ट तो खरा येतो, तेव्हा मशीन बंद पडून चालत नाही. पावसाळ्यात मला येता येणार नाही, ते यामुळे. गणपतीला बघते, नक्की.

बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, चहाच्या आधी की नंतर हा वाद नको. माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या पिंट्याला हाक मारा. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर लपवू नकोस.

आणि ती सायकल भंगारात देऊ नका. डायनामो मला हवाय.

तुमची,
छकुली