नापोलीहून पत्र : संत्र्याच्या सालीची लिकर

नापोली, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा आणि वहिनी,
स. न. वि. वि.

वहिनी, नववर्षाला भेट द्यायला लिमोन्चेल्लो, म्हणजे अल्कोहोलात लिंबाची साल मुरवून केलेली इथली गोड लिकर, घरी करता येईल का, असं तुम्ही विचारलंत. येईल. पण इथली कृती जशीच्या तशी नागपुरात केलीत तर नुसतं गोड पाणी हाती लागेल.

इथे सुपरमार्केटात ९५-९६ टक्क्यांचा पिण्याजोगा शुद्ध अल्कोहोल बाटलीत मिळतो. (साफसफाईच्या सामानात गुलाबी स्पिरिटही असतं. ते विषारी, आणि चुकून कुणी पिऊ नये म्हणूनच त्याला रंग दिलेला.) नेहमीचं प्रमाण असं: दहा लिंबांची साल, एक लिटर अल्कोहोल, सव्वा लिटर पाणी, ७०० ग्रॅम साखर. विरघळलेली १०० ग्रॅम साखर साधारण ६२ मिलि जागा घेते. म्हणजे सगळं मिळून दोन लिटर सातशेच्या आत-बाहेर भरतं आणि अल्कोहोल ३५ टक्के उरतो. तेवढा असला की उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ते गोठत नाही, नुसतं दाट होतं. आपल्याकडच्या व्होडकात अल्कोहोल ४२.८ टक्के. त्यात हेच पाणी आणि हीच साखर घातली तर हिशेब १६ टक्क्यांवर येतो. चव पाणचट, आणि फ्रीजरमध्ये बर्फ.

इथून शुद्ध अल्कोहोल पाठवणंही शक्य नाही. ७० टक्क्यांच्या वरचा विमानात चालतच नाही, अगदी चेक-इन बॅगेतही. तेव्हा व्होडकाच घ्या आणि पाणी कमी करा.

लिंबाचा हट्ट मात्र सोडा. कागदी लिंबाची साल इतकी पातळ की सोलताना पांढरा भाग येतोच, आणि कडूपणा सगळा त्यात. तुमच्याकडे आत्ता आंबिया बहाराची संत्री असतील, तीच घ्या. इटलीतही संत्र्याच्या भावंडांची अशी लिकर करतात, मान्दारीनेत्तो म्हणतात तिला. अर्धवट हिरव्या सालीची फळं तर उत्तमच, त्यांचा वास जास्त तीव्र. फक्त मेण चढवलेली चकचकीत संत्री नकोत. काटोलकडच्या कुणाच्या बागेतली थेट मिळाली तर बघ, दादा.

एका खेपेला ७५० मिलि साधी, बिनवासाची व्होडका, सहा मध्यम संत्री, २०० ग्रॅम साखर, १०० मिलि पाणी. हे ३३ टक्क्यांच्या आसपास बसतं.

संत्री कोमट पाण्यात ब्रशने घासून पूर्ण कोरडी करा. साल चार फाकांत काढा, आतली बाजू वर करून पाटावर सपाट ठेवा आणि पातळ सुरी जवळजवळ आडवी धरून पांढरा थर खरवडून काढा. सालीचे बारीक ठिपके आतून दिसायला लागले की थांबा. ते ठिपके म्हणजे तेलाच्या पिशव्या. त्या फुटल्या तर तेल पाटावर जातं. या कामाला वेळ लागतो आणि सगळी चव इथेच ठरते. सोललेली फळं त्याच दिवशी खाऊन टाका.

साली काचेच्या बरणीत घालून व्होडका ओता. साली बुडालेल्या हव्यात. वर राहिलेल्या काळपट पडतात. प्लास्टिकचा डबा नको, तेल त्यात शिरतं. बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवा, दोन दिवसांआड हलवा. ९५ टक्क्यांत आठवड्यात काम होतं, साल पापडासारखी मोडते. व्होडकात तीन आठवडे लागतील आणि साल मऊच राहील. तिचा रंग उतरला की झालं असं समजा. त्याहून जास्त ठेवलीत तर कडवट होईल.

मग साखर-पाण्याचा पाक करा. तार नको, साखर विरघळून एक उकळी पुरे. पाक पूर्ण गार होऊ द्या. गरम पाकाने वास उडतो, आणि गॅसजवळ अल्कोहोलच्या वाफेचा खेळ नको. व्होडका गाळून घ्या, साली पिळू नका, मग दोन्ही एकत्र करा. इथली लिमोन्चेल्लो पाक पडताक्षणी दुधी होते, कारण जास्त अल्कोहोलात विरघळलेलं तेल पाणी मिळताच बारीक थेंबांत सुटतं. तुमची तेवढी होणार नाही, जेमतेम धूसर दिसेल. तो दोष नव्हे. बाटलीच्या गळ्याशी तेलाचं कडं जमलं तर मात्र पाणी जास्त झालं समजा. शंभरेक मिलि व्होडका घालून हलवा.

दोन आठवडे मुरू द्या, नाहीतर अल्कोहोल घशाला टोचतो. कॉफीच्या फिल्टर कागदातून पुन्हा गाळा, कागद आधी ओला करून घ्या. २०० मिलिच्या चार बाटल्या होतात आणि चाखायला थोडं उरतं. चिठ्ठीवर तारीख, अल्कोहोलचं प्रमाण आणि ‘फ्रीजरमध्ये ठेवा’ एवढं लिहा. २० तारखेच्या आत साली घातल्या तर नाताळपर्यंत होईल.

दूध-क्रीम घातलेली लिकर भेट देऊ नका, ती नासते. नोचीनो नावाची हिरव्या अक्रोडाची लिकर इथे नाताळात निघते खरी, पण ती जूनमध्ये घालावी लागते, यंदा राहूच द्या. दवाखान्यातलं स्पिरिट कुणी सुचवलं तर त्याला सरळ घरी पाठवा. आणि दादा, दारूच्या परवान्याचं तेवढं बघून ठेव. २५ च्या आतल्या पोरांना बाटली नाही, त्यांना संत्र्याचा पाक द्या.

मी जानेवारीत येताना लिमोन्चेल्लोच्या दोन बाटल्या आणीन. भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य चालतं, तेव्हा अर्धा-अर्धा लिटरच्या दोन्ही बसतात. तुमची एक माझ्यासाठी ठेवा, शेजारी ठेवून चाखू.

आई-बाबांना नमस्कार.

तुमची,
रेणू