पुन्हा उघडायला लावणाऱ्या मिस्त्री काकांस

मिस्त्री काका,
सप्रेम नमस्कार.

ट्रक धावतोय, मागच्या डिफरन्शियलचा (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीचा) आवाज पूर्ण बंद झाला, हे फोनवर सांगितलंच. पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण पिनियनचं (त्या पेटीतल्या छोट्या गिअरचं) बेअरिंग गेलेल्या आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

रोग तुम्ही नुसत्या आवाजावरून ओळखलात. रेस दिली की आवाज चढायचा, सोडली की त्याची तऱ्हा बदलायची, आणि फिरण्याचा वेग चाकाचा नव्हे, प्रोपेलर शाफ्टचा (पुढून येऊन पिनियन फिरवणाऱ्या दांड्याचा) वाटायचा. ड्रेन प्लगच्या (ऑइल काढायच्या बुचाच्या) चुंबकावर करडा लगदा असला तर ती रोजची झीज. बोटाला टोचणारे पापुद्रे निघाले की हाऊसिंग, म्हणजे ती पेटी, उघडायचंच. आमच्या प्लगवर पापुद्रेच होते.

नवं बेअरिंग बसवून गाडी रस्त्यावर आणायला सगळेच उतावीळ. तुम्ही एकटे विचारत राहिलात, "पण हे गेलं कशानं?" शेवटी सापडलं: ब्रीदर (पेटीतली हवा बाहेर जायची वाट) चिखलाने बुजलेला. आतली हवा तापून फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. पातळी उतरली की पिनियनचं पुढचं बेअरिंग आधी कोरडं पडतं, कारण क्राउन (पिनियन ज्याला फिरवतं तो मोठा गिअर) फिरताना उडवेल तेवढंच ऑइल त्याच्या वाट्याला येतं. ब्रीदर तसाच राहिला असता तर नवं बेअरिंगही त्याच वाटेने गेलं असतं.

मग धुणं. एक्सलच्या दोन्ही नळ्यांतून फडकं ओढायला लावलंत, ते चमक न घेता बाहेर येईपर्यंत. कंटाळवाणं काम, पण तिथे राहिलेला कीस ऑइलबरोबर थेट नव्या रोलरखाली जातो. कॅरिअरच्या (क्राउन ज्यावर बसतो त्या भागाच्या) बेअरिंगवरच्या कॅपना उघडण्याआधीच पंचने खुणा केल्यात. कॅप आणि हाऊसिंग यांचं भोक एकत्र कातलेलं असतं, डावी-उजवी अदलाबदल चालत नाही. बेअरिंगला गॅसची ज्योत लावू दिली नाहीत, ऑइलमध्ये ११० अंशांपर्यंत तापवून अलगद सरकवलंत.

प्रीलोडच्या (बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेल्या ताणाच्या) बाबतीत मात्र तुमच्यापुढे हात टेकले. नट पुरा आवळला म्हणजे प्रीलोड बरोबर झाला असं नाही. आमच्या हाऊसिंगमध्ये तो पिनियनच्या दोन बेअरिंगमधल्या स्पेसरच्या (कड्याच्या) जाडीवर ठरतो. पिनियनच्या फ्लँजला (प्रोपेलर शाफ्ट जोडायच्या तबकडीला) दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढायची, पिनियन एकसारखं फिरत असताना काटा वाचायचा, तोही सील बसवण्याआधी, नाहीतर सीलची ओढ त्यात मिसळते. इतक्या साध्या साधनाने इतकं नेमकं माप मिळतं हे पाहिल्याशिवाय पटलं नसतं.

आणि ती रात्र. सगळं बसलेलं, डायल गेजवर क्राउन फिरवून चार ठिकाणी बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक) पाहिलेला, मॅन्युअलच्या मर्यादेत. दातांना रंग लावून फिरवलं तर ठसा दाताच्या मध्यावर न येता वरच्या कडेला. कुणीतरी म्हणालं, चालून जाईल. तुम्ही पाना उचललात. पिनियन क्राउनपासून लांब राहिलंय, त्याच्या डोक्यामागे जाड शिम (पत्र्याची चकती) हवी. म्हणजे बेअरिंग पुन्हा काढा, आणि पिनियन आत सरकलं की बॅकलॅश बदलणार, तोही नव्याने लावा. कॅरिअरच्या एका बाजूचा अॅडजस्टर (क्राउन सरकवायचा नट) जितका सैल, तितकाच दुसरा घट्ट. कॅरिअरच्या बेअरिंगचा ताण ढळू न देता हे सगळं तुम्ही पुन्हा केलंत, कुरकुर न करता. (कुरकुर आम्ही केली.) क्राउन-पिनियनची जोडी जुनीच वाचली, ती या हट्टामुळे. आभार खरे त्या पान्याचे आहेत.

तुमच्या सांगण्याप्रमाणे जीएल-५ दर्जाचं पहिलं गिअर ऑइल लवकर काढलं. चुंबकावर फक्त करडा लगदा.

डायल गेज पुसून डब्यात ठेवलाय, येताना आणतो. ताणकाटा अजून थोडे दिवस राहू द्या. दुसऱ्या ट्रकच्या पिनियन सीललाही ऑइल दिसायला लागलंय. हो, आधी ब्रीदर बघतो.

तुमचा,
एक ट्रकमालक